आईचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सहा महिन्यांनी पण तसाच, गोळ्या लागू पडत नाहीयेत का?

लालबाग_तिसरा_मजला:
आईचं वय ६९, बीपी वीस वर्षं जुना, शुगर बॉर्डरला. गणपतीत पाय सुजले आणि आमच्या चाळीचे तीन मजले चढताना दोनदा पायरीवर बसली म्हणून इको केला, तर पंपिंग ६० टक्के आणि खाली ग्रेड २ डायस्टोलिक डिसफंक्शन. डॉक्टर म्हणाले हार्ट फेल्युअर. पंपिंग नॉर्मल तर फेल्युअर कसलं हे डोक्यात शिरलंच नाही, ओपीडीत मागे एवढी लाइन, विचारणार तरी किती. लॅसिक्स, डापाग्लिफ्लोझिन १० आणि स्पायरोनोलॅक्टोन २५ चालू केलं. आता सूज नाही, एका दमात वर येते, पण परवाच्या इकोत परत ग्रेड २ च! बाबा म्हणतायत गोळ्या बंद करा. काय करू?

इकोवाला_सायन:
ताई बंद करू नका. मी रोज इको करतो. ६० टक्के म्हणजे हृदय दाबून रक्त बाहेर टाकतंय ते ठीक, पण नंतर सैल होऊन भरून घ्यायचं असतं ना, तिथे बोंब, त्यालाच डायस्टोलिक डिसफंक्शन म्हणतात. बीपीने भिंत जाड आणि कडक झालेली असते, मग भरायला जास्त प्रेशर लागतं आणि ते प्रेशर मागे फुप्फुसात जातं म्हणून दम. जिने चढताना ठोके वाढतात, भरायला वेळच कमी मिळतो, त्यामुळे बसल्यावर बरं आणि चढताना हाल. आणि ग्रेड त्या दिवशीचं बीपी, अंगातलं पाणी यावर पण हलतो, त्या एका आकड्यावर जीव टांगू नका.

मेडिसिन_रेसिडेंट:
वरच्या दादांनी बरोबर सांगितलं. गंमत म्हणजे आकडा आणि पेशंट दोघं बरोबर चालतीलच असं नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात ४२२ पेशंटवर आल्डो-डीएचएफ ट्रायल झाली, वर्षभर स्पायरोनोलॅक्टोन देऊन, निकाल २०१३ ला आला. इकोतला भरण्याचा आकडा, ई बाय ई प्राइम म्हणतात तो, थोडा सुधारला, पण व्यायामाची ताकद काही वाढली नाही. तुमच्याकडे उलटं झालंय आणि मला विचाराल तर उलटंच बरं. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या आल्या त्या याच प्रकारच्या फेल्युअरमध्ये कामाच्या ठरल्या, २०२१ ला एम्पाग्लिफ्लोझिनची ट्रायल आणि २०२२ ला डापाची. फायदा मुख्यतः फेल्युअरसाठी ॲडमिट व्हायची वेळ कमी येते यात, भिंत मऊ होते म्हणून नव्हे. मुळात या शुगरच्या गोळ्या, पण शुगर नसली तरी देतात. लॅसिक्सने पाणी उतरतं तेवढंच, पण आराम त्यानेच पटकन पडतो.

ठाकुर्ली_लोकल:
आमच्या सासऱ्यांचं हेच. दोन गोष्टी आम्हाला कोणी नीट सांगितल्या नव्हत्या. स्पायरोनोलॅक्टोनवर पोटॅशियम चढू शकतं, त्यामुळे क्रिएटिनिन (किडनीचं) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी चुकवायची नाही. आम्ही मीठ कमी म्हणून लो-सोडियम मीठ आणलं, त्यात पोटॅशियमच असतं, वर रोज शहाळं! रिपोर्ट बघून डॉक्टर आमच्यावर जाम वैतागले. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून पेनकिलर आणायच्या त्या पण बंद, त्याने पाणी साठतं.

मेडिसिन_रेसिडेंट:
+१. अजून एक, जुलाब-उलट्या लागल्या की डापा आणि लॅसिक्स चालू ठेवायचं का ते त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा, ऑपरेशनच्या आधी पण. खाजगी जागी खाज आली तर लाजू नका, डापाने फंगल होतं, मलमाने जातं. आणि रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर वजन, तीन दिवसांत दोन किलो चढलं तर थांबायचं नाही, दाखवायचं.

लालबाग_तिसरा_मजला:
सगळ्यांना थँक्यू, बाबांना वाचून दाखवलं, गोळ्या चालू राहतायत. वजनकाटा आजच आणला. फक्त आईने सुकट आणि पापड सोडायला नकार दिलाय, म्हणते "तीन मजले चढते ना आता, मग?" यावर कोणाकडे उत्तर असेल तर सांगा.

ठाकुर्ली_लोकल:
सुकट धुवून भिजवून घ्या, थोडा खारटपणा तरी जातो. पापडावर आमच्याकडे पण भांडण चालूच आहे.