गळकं घर, जांबोटी भाग (खानापूर, बेळगाव): कौलंच परतायची (काढून नीट पुन्हा रचायची) की पत्रा घालायचा?

जांबोटीकर
गावाकडचं घर मातीच्या भिंतींचं, वर मंगलोरी कौलं. आत आई-अप्पा राहतात. गेल्या पावसात माजघरात घमेली मांडून ठेवावी लागली. थोरला भाऊ म्हणतो स्लॅब, पुण्याचा भाऊ म्हणतो रंगीत पत्रा. माझं मत कौलांचंच. वासे ठोकून बघितले, वळचणीकडची टोकं सोडली तर वाळवी नाही. रिपा (कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्या) बदलायच्या, फुटकी काढून नवी घालायची. शंभर चौरस फुटाला दीडशेच्या आसपास कौलं लागतात, निम्मी जुनीच चालतील. विरोध असेल तर कारणासकट सांगा.

निपाणीवाला
कौलं घालणार कोण दादा? परतणारा माणूस मिळतोय का कुठं? जो आहे त्याला मृगाच्या आधी सगळीकडनं बोलावणं. वर वानरं. एक टोळी धावून गेली की तुमचा खर्च पाण्यात. पत्रा घाला आणि निवांत झोपा.

जांबोटीकर
निवांत? निपाणीचा पाऊस वेगळा, आमचा वेगळा. मलप्रभा जिथं उगवते ती कणकुंबी आमच्या शेजारी. जुलैत पत्र्याखाली दोन माणसांना एकमेकांचं ऐकू येत नाही. आणि एप्रिलात आत बसून बघा.

खानापूरची सून
स्लॅबचा विषय तरी मिटवा. चार इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलो, गिलावा वेगळा. कौलं चाळीस-पन्नास किलो. मातीच्या भिंतीवर एवढं वजन टाकायचं तर आधी कॉलम उभे करा, म्हणजे घरच नवं बांधा. थोरल्या भावजींना तेवढी हौस असेल तर गोष्ट वेगळी!

चिकोडीचा
सिमेंटचा पत्रा का नको? स्वस्त, आणि आवाजही कमी.

खानापूरची सून
त्यात ॲस्बेस्टॉस असतं. सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसनं कर्करोग होतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कटर लावला की ती धूळ घरभर. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर ते नको.

सुतारकाम
तुमी सगळी छपरावर भांडालाय, खरं गळतंय कुठं ते कुणी विचारलंच नाही. मंगलोरी कौल खाचेत खाच बसून पाणी अडवतं. उतार कमी पडला की वाऱ्याबरोबर पाणी उलटं आत येतं. मागनं पडवी वाढवताना लोक उतार मोडतात, तिथं कौल नवं घातलं तरी गळणारच. दुसरी जागा म्हणजे छपराची दोन पाखी, म्हणजे दोन उतार, मिळतात तो कोन. तिथला जस्ती पन्हळ गंजलेला असतोय. तिसरी, आढ्यावरच्या कौलांचा चुना-सिमेंट फुटलेला.
आणि जांबोटीकर, निम्मी जुनी चालतील म्हणता, ते जरा थांबा. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं मंगळूरला १८६५ च्या सुमारास कारखाना काढला, मग त्या नमुन्याची कौलं पाडणारे बरेच झाले. प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. जुन्या कौलामागचं नाव बघा आणि दोन नवी घेऊन खाच जुळते का बघूनच पैसे द्या. नाही जुळली तर एक पाखं सगळं जुन्यानं घाला, दुसरं सगळं नव्यानं. मिसळ केलासा तर गळती कायम.

हलशीकर
मधला मार्ग: खाली साधा पत्रा, त्यावर रिपा मारून कौलं. वानरानं फोडलं तरी आत थेंब नाही.

सुतारकाम
चालतंय, खरं खर्च दुप्पट. पत्र्यावर उभ्या पट्ट्या मारून त्यावर आडव्या रिपा घाला, म्हणजे पाणी सरळ खाली जातंय. नुसत्या आडव्या मारल्या तर पाणी अडून लाकूड कुजतंय.

निपाणीवाला
म्हणजे शेवटी पत्रा आलाच की! आणि दरसाली वर चढणार कोण, ते अजून कुणी सांगितलं नाही. पुण्याचा भाऊ येणार काय रोहिणीत?

जांबोटीकर
तो नाही येणार, मी येईन. आधी कोनातला पन्हळ उचकटून बघतो. स्लॅब बाद, सिमेंटचा पत्रा बाद. नुसती कौलं आणि पत्र्यावर कौलं, दोन्हींचा खर्च काढून भावांपुढं ठेवतो. सुतारकाम, खानापूर भागात कौलं परतणारं कोण माहीत असेल तर मेसेज करा, नंबर इथं नको.