शेंगाचटणी खवट होऊ नये म्हणून सेजचा काढा चालेल का?

शेंगाचटणी_जुळेसोलापूर: घरगुती शेंगाचटणी करते. मे महिन्यात पाकिटं पुण्याला पोचून थोडे दिवस झाले की खवट वास येतो, अशी गिऱ्हाइकांची तक्रार. लेक बीएस्सीला आहे. ती म्हणते सेजची (विदेशी सुगंधी झुडूप आहे) पानं जंतू मारतात, अँटिऑक्सिडंटही आहेत. कुंडीत सेज लावलंय. काढा करून चटणीत घालू का?

माळावरचा_केमिस्ट: ताई, काढा अजिबात नको. आपली चटणी टिकते ती कोरडी असते म्हणून. पाणी आत पडलं की बुरशी धरलीच. आणि तुमचा त्रास जंतूंचा नाहीच. दाणे कुटले की तेल सुटतं, त्यातलं लिनोलिक आम्ल हवेतल्या ऑक्सिजननं बिघडतं, तोच खवट वास. आपल्याकडच्या उन्हात तर फारच लवकर.

म्हणजे कामाचा गुण अँटिऑक्सिडंटचा, ऑक्सिजनपासून तेल वाचवण्याचा. पण सेजमधलं रोझमॅरिनिक आम्ल पाण्यात उतरतं. तेलाला सांभाळणारं कार्नोसिक आम्ल पाण्यात जवळजवळ उतरत नाही, त्याला अल्कोहोल लागतं. काढ्यात नेमकं हवं तेच येत नाही. कारखान्यांत तेलकट पदार्थांना रोझमेरीचा अर्क घालतात (पाकिटावर त्याचा क्रमांक ई-392), तोही याच कार्नोसिक आम्लासाठी. रोझमेरी सेजची इतकी सख्खी की 2017 साली तिला साल्व्हिया प्रजातीतच घातलं.

शेंगाचटणी_जुळेसोलापूर: मग सावलीत वाळवून पूड?

माळावरचा_केमिस्ट: लसणाच्या आधी कापराचा वास येईल, ताई. सेजच्या तेलात कापूर असतो, सिनिओल नावाचं उग्र वासाचं द्रव्य असतं आणि थुजोनही. थुजोन जास्त पोटात गेलं तर झटके येतात. गरोदरपणात सेजचा अर्क टाळायलाच सांगतात. तुमची चटणी लहान पोरंही खातात, मला हे पटत नाही.

लेकीला मात्र सेजचे हे दोन्ही गुण तपासायचा प्रयोग जरूर करू द्या, कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांच्या देखरेखीखाली. डीपीपीएच म्हणजे अँटिऑक्सिडंट तपासायचं रसायन, त्याच्या गर्द जांभळ्या द्रावणात सेजचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क पडला की ते हळूहळू पिवळं होतं, बघत राहावंसं वाटतं. जंतू वाढवायच्या अगार प्लेटवर अर्काच्या खड्ड्याभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसेल, स्टॅफिलोकोकस जंतूच्या प्लेटवर मोठं, ई. कोलाय जंतूच्या प्लेटवर बहुधा लहानच, कारण त्याला बाहेरून एक जादा आवरण असतं. शेजारी नुसत्या अल्कोहोलचा खड्डा ठेवायला सांगा, नाहीतर जंतू कशानं मेले ते कळायचं नाही.

बाळीवेस_किराणा: ताई, आधी दाणे निवडा. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे काढून टाका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, भाजून पुरतं जात नाही. चटणी पूर्ण गार झाल्यावरच भरा, पाकीट जाड आणि उजेड न लागणारं घ्या. उन्हाळ्यात थोडी थोडीच कुटा.