अनुभव धागा : "मी आधी हुशार होते, आता डोकंच चालत नाही"

मी लातूरमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. दिवाळीनंतर हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. "मॅडम, माझा मेंदू स्लो झालाय." सांगणारी मुलं सोळा-सतरा वर्षांची, बहुतेकांना दहावीला नव्वदच्या वर मार्क. घरी बोललं की उत्तर ठरलेलं असतं : मोबाइल बाजूला ठेव. मोबाइलचा काहीच संबंध नसतो असं मी म्हणणार नाही, पण तेवढं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. ज्यांनी हे भोगलंय, त्यांनी यामागे शेवटी काय निघालं ते इथे लिहावं. शिकणाऱ्यांनी, शिकून गेलेल्यांनी, आईवडिलांनी, डॉक्टरांनीही. स्वतःचं, कॉलेजचं, क्लासचं नाव नको. आणि "मेहनत कर, सगळं होईल" एवढंच लिहू नका. ही मुलं मेहनत करतातच.

अकरावी, मूळ गाव औसा तालुक्यात

दहावीपर्यंत गावातच, सेमी-इंग्लिश. ९५ टक्के पडले, शाळेत पहिली आले. लातूरला नीटच्या (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या) बॅचला आले आणि पहिल्या मोठ्या टेस्टला ७२० पैकी १६० मिळाले. त्या रात्री मला खरंच वाटलं की माझ्या डोक्याला काहीतरी झालंय. एक पान तीनदा वाचायचे आणि वही मिटली की काही आठवायचं नाही.

दहावीला विज्ञानाचे चाळीस-चाळीस मार्कांचे दोन पेपर होते, वर वीस मार्क प्रात्यक्षिकाचे, टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हची. इथे बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. आमच्या बॅचमधल्या कितीतरी मुली आपापल्या शाळेत पहिल्या आलेल्या आहेत. परीक्षा बदलली, सोबतची मुलं बदलली, हे मला कुणी समजावून सांगितलंच नव्हतं.

बायोलॉजीच्या सरांनी एक सवय लावली. धडा वाचून झाला की पुस्तक बंद करायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं आणि मगच पुस्तक उघडून राहिलेलं बघायचं. सुरुवातीला चार ओळी यायच्या आणि रडू यायचं. सर म्हणाले, आठवायला जो ताण पडतोय त्यानेच ते पक्कं होतं, नुसतं पुन्हा वाचून फक्त ओळखीचं वाटायला लागतं. तोच कागद दुसऱ्या दिवशी परत, मग आठवड्याने परत. आता ३५०च्या आसपास येते आणि तिथेच अडकलेय. पण पान वाचून विसरण्याची भीती राहिली नाही.

बी.एस्सी. नर्सिंग, दुसरं वर्ष

माझं कारण रक्तात निघालं. अकरावीला हॉस्टेलवर असताना दुपारच्या तासाला डोळे मिटायचे, जिना चढताना छाती धडधडायची, गणित अर्धं सोडवलं की पुढची पायरी सुचायची नाही. सगळे म्हणायचे, लक्ष नाही तुझं. सुट्टीत घरी आले तेव्हा मावशीने माझे पांढरे पडलेले ओठ बघितले आणि तपासणी करायला लावली. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. पाळीत खूप रक्त जायचं, पण ते कुणाला सांगायची गोष्ट आहे हेच मला माहीत नव्हतं.

शाळेत सोमवारी लोहाची निळी गोळी मिळायची, हॉस्टेलला आल्यावर ती सुटली. आता शिकताना वाचलं की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता. म्हणजे वर्गात अशी मी एकटी नव्हतेच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळीच्या आगेमागे चहा घ्यायचा नाही, लिंबू किंवा आवळा चालेल, आणि हिमोग्लोबिन वाढलं तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, असं सांगितलं. गणित सोपं झालं नाही. पण तासाला जागी राहायला लागले, जिना चढायला लागले.

बालरोगतज्ज्ञ, कोल्हापूर

"स्मरणशक्तीची गोळी द्या" म्हणून आईवडील मुलांना घेऊन येतात. तशी गोळी माझ्याकडे नाही. मी आधी झोपेचं विचारतो. तेरा ते अठरा वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते. वयात येताना शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, झोपेचा इशारा देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा वाढायला लागतं. त्यामुळे दहाला अंथरुणावर पडूनही झोप न येणं हा आळस किंवा हट्ट नसतो. दिवसभर शिकलेलं पक्कं व्हायचं काम झोपेत चालतं. पहाटेचा क्लास, कॉलेज, संध्याकाळचा क्लास आणि रात्री अभ्यास असं वेळापत्रक असलेल्या मुलाला पाच तास झोप मिळते, आणि मग आपण विचारतो की याच्या लक्षात का राहत नाही. २०२४मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले, ते चांगलंच झालं. पण पहाटेची झोप ज्यांना सगळ्यात जास्त हवी ती मोठी मुलं अजून अंधारातच घराबाहेर पडतात, आणि मला याचा राग येतो.

झोपेचं विचारून झालं की रक्ताची तपासणी. शाकाहारी घर असेल तर बी-१२ जीवनसत्त्व, लक्षणं तशी असतील तर थायरॉइड. डोळे आणि कान. आणि आईवडिलांना बाहेर बसवून मुलाशी एकट्याने बोलणं, कारण पुष्कळदा खरं कारण तेव्हाच कळतं.

काही गोष्टींत मात्र थांबू नका. चांगलं चाललेलं असताना अचानक सगळं घसरणं, सकाळी डोकं दुखून उलटी होणं, मध्येच काही सेकंद टक लावून बघणं आणि हाक मारली तरी भान नसणं, स्वभाव एकदम पालटणं, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

निवृत्त शिक्षक, जिल्हा परिषद

सातवीत गणितात पुढे असलेला मुलगा आठवीत मागे पडला. फळ्यावरची उदाहरणं चुकीची उतरवून घ्यायचा. उंची वाढली म्हणून त्याला शेवटच्या बाकावर बसवलं होतं आणि तिथून त्याला फळा दिसत नव्हता. चष्मा लागला, प्रश्न मिटला. एवढंच.

आई, ठाणे

माझी मुलगी सातवीपर्यंत बोलण्यात, समजण्यात सगळ्यांच्या पुढे होती. आठवी-नववीत धडे लांबले, लिखाण वाढलं आणि मार्क कोसळले. तिला वाटायचं, आपली बुद्धी संपत चालली आहे. तपासणीत डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अवघड जाणं, निघाला. तो लहानपणापासूनच होता, पण ऐकून लक्षात ठेवण्याच्या जोरावर तिने इतकी वर्षं रेटून नेलं होतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी याची तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. कागदपत्रांना फार वेळ लागतो, म्हणून दहावीची वाट बघू नका. निदान ऐकून ती रडली नाही. "म्हणजे मी ढ नाहीये," एवढंच म्हणाली.

इंजिनिअरिंग, नाशिक

२०२१मध्ये करोनात बाबा गेले, तेव्हा मी दहावीत होतो. त्या वर्षी परीक्षा झालीच नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. अकरावीत मी तासन् तास पुस्तक उघडून बसायचो. शब्द दिसायचे, अर्थ लागायचा नाही. मित्र काय बोलतायत ते मध्येच हरवायचं. रडू येत नव्हतं, म्हणून हे दुःख असेल असं घरात कुणाला वाटलं नाही, मलाही नाही. मी "मेमरी कशी वाढवायची" हेच शोधत राहिलो.

बारावीच्या मध्यावर काका मला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. नैराश्यात लक्ष लागत नाही, विचार मंदावतात, निर्णय घेता येत नाहीत, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. औषध आणि समुपदेशन दोन्ही चाललं. एक वर्ष गॅप घेतली. डोकं परत चालायला लागलं, पण हळूहळू, आणि आधी झोप सुधारली, मग भूक, अभ्यास सगळ्यात शेवटी. ज्यांच्या घरात कुणी गेलंय, घर मोडलंय, त्यांनी मार्कांकडे बघताना ते वर्षही बघावं.

अकरावी, पुणे

माझं अजून काहीच ठीक झालेलं नाही, तरी लिहितोय. मी रोज रात्री ऑनलाइन आयक्यू टेस्ट देतो. एकीकडे १२४ आला, दुसरीकडे १०३, काल ९८. म्हणजे कमी होतोय ना? गणिताच्या तासाला मी मनात स्वतःलाच तपासत असतो, आत्ता समजलं का, पटकन समजलं का. त्यात सर पुढे निघून जातात. झोपायला दीड-दोन वाजतात, सहाला उठतो.

(कोल्हापूरचे डॉक्टर)

बाळा, ते आकडे एकमेकांशी जोडू नकोस. खरी बुद्ध्यांक चाचणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ समोर बसून घेतात आणि तुझ्या वयाच्या मुलांशी तुलना करून आकडा काढतात. त्यात सरासरी १०० धरलेली असते. वेगवेगळ्या साइटचे प्रश्न वेगळे, मोजमाप वेगळं. शिवाय रात्री एक वाजता, घाबरलेला असताना दिलेली परीक्षा तुझी दमणूकच मोजते. तू स्वतःवर जी नजर ठेवून बसतोस, त्यातच गणिताला लागणारं लक्ष खर्च होतंय.

(धागा काढणारी)

आजपासून त्या टेस्ट बंद, आणि दोन आठवडे झोपायची-उठायची वेळ कागदावर लिही. आईला किंवा बाबांना हे तुझंच लिहिलेलं वाचायला दे, समजावून सांगत बसू नकोस. मग तोच कागद घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे जा, रक्त तपासून घे आणि मनात सतत हेच घोळतं हेही सांग. मधल्या काळात फार घाबरायला झालं तर १४४१६ वर बोल. काय निघालं ते इथे लिही, चांगलं असो वा नसो. आणखी कुणाला लिहायचं असेल तर धागा उघडा आहे. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलग्यांचे अनुभव अजून आलेले नाहीत.