जुनी गाणी न वाजवणारा बँड : 'वायर'चं बरोबर की चूक?

केदार_ठाणे
लंडनचा 'वायर' हा पंक (वेगवान, रांगडं रॉक) बँड १९७६ साली सुरू झाला. पहिला अल्बम 'पिंक फ्लॅग' (१९७७) म्हणजे जेमतेम ३५ मिनिटांत २१ गाणी. शब्द संपले की गाणं संपलं, उगाच घोळवणं नाही. वर्षभरात 'चेअर्स मिसिंग'मध्ये सिंथेसायझर शिरला आणि १९७९च्या '१५४'मध्ये पंक शोधावं लागतं. १९८० ते ८५ बँड बंद. परतले ते नवी गाणी घेऊनच. १९८७च्या अमेरिका दौऱ्यात तर 'पिंक फ्लॅग' वाजवायला 'एक्स-लायन टेमर्स' नावाचा दुसराच बँड सोबत नेला, स्वतः फक्त नवं वाजवलं. माझ्या मते अगदी योग्य. ज्यात जीव उरला नाही ते ओढूनताणून वाजवणं ही ऐकणाऱ्याची फसवणूक आहे.

मृण्मयी
असहमत. बदलाच्या या हट्टाची किंमत कोणी मोजली? ड्रमर रॉबर्ट गोटोबेडने. 'पिंक फ्लॅग' हेडफोन लावून ऐका : सरळ ठेका, एक ठोका जास्तीचा नाही, गिटार कितीही पिसाळू दे. त्या वाद्यवृंदाचा कणाच तो. पुढे ड्रम मशीन इतकं वरचढ झालं की १९९०मध्ये तो बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी Wire या नावातलं शेवटचं 'e' गाळून, 'Wir' म्हणून, १९९१ला 'द फर्स्ट लेटर' काढला. ऐकलाय. कोरडा वाटतो.

केदार_ठाणे
'द फर्स्ट लेटर' मलाही आवडत नाही, पण फसलेला प्रयोग हा प्रयोग न करण्याचं कारण होत नाही. गोटोबेड नंतर परत आलाच की! २००३च्या 'सेंड'वर त्याचेच ड्रम आहेत, आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसांचा इतका कडक, कर्कश अल्बम दुसरा दाखवा.

नचिकेत
त्याच २००३मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात त्यांनी आधी अख्खा 'पिंक फ्लॅग' वाजवला, मग 'सेंड'. मग १९८७चं तत्त्व कुठे गेलं?

केदार_ठाणे
तत्त्व 'जुनं वाजवायचं नाही' असं नव्हतंच. मागणी आहे म्हणून वाजवायचं नाही, एवढंच. २००३ला त्यांना स्वतःला वाजवावंसं वाटलं.

मृण्मयी
मर्जी बँडची, मान्य. पण दहा वर्षं ती रेकॉर्ड झिजवलेला माणूस १९८७ला तिकीट काढून आला, आणि त्याला ती गाणी भलत्याच बँडकडून ऐकावी लागली. त्या माणसाला तुम्ही काय सांगाल, केदार?