आईचं पाऊल उचलत नाही, एएफओ (पाऊल वर धरून ठेवणारा पट्टा) कोणता घ्यावा? (सोलापूर, बजेट २५००)

युनिफॉर्मवाली
नमस्कार मंडळी. आई ५४ वर्षांची, लग्नाआधीपासून विड्या वळते. दिवाळीनंतर डावं पाऊल वर उचलायचंच बंद झालं. दुखत नाही, सूज नाही, नुसतं खाली लोंबतं. चालताना गुडघा उंच उचलते आणि पाऊल फरशीवर फट्कन आपटतं. मी आतल्या खोलीत असले तरी आवाजावरून कळतं आई कुठे आहे ते. गेल्या आठवड्यात न्हाणीच्या उंबऱ्याला अंगठा अडकून पडली, मनगट मुरगळलं. सिव्हिलला दाखवलं. फूट ड्रॉप आहे म्हणाले, एनसीव्ही (नसेतून सिग्नल किती जातो ते बघायची) तपासणी लिहून दिली आणि तोवर पडू नये म्हणून एएफओ लावा म्हणाले. मेडिकलमध्ये गेले तर त्याने चार प्रकार समोर ठेवले. कडक प्लॅस्टिकचा, बिजागरीचा, एक काळा पातळ आणि एक नुसता इलॅस्टिकचा बेल्ट. काही कळेना. आई घरात अनवाणी, बाहेर चप्पल. बूट आयुष्यात घातलेला नाही. बजेट २५००, त्यापुढे खरंच जमणार नाही. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई करते. कुणी वापरला असेल तर सांगा.

तलावाकाठी
ताई, सरळ कार्बन फायबरचा घ्या. वडिलांना २ वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू. आधी प्लॅस्टिकचा घेतला होता, तो ८ महिन्यांत टाचेजवळ तडकला. मग पुण्याहून कार्बनचा आणला. २८ हजार गेले, पण पाऊल टेकलं की पट्टी वाकते आणि उचलताना स्प्रिंगसारखी पुढे ढकलते. वजन तर हातात घेतलं तरी कळत नाही. आता वडील रोज पहाटे कंबर तलावाला जातात, हातात काठीसुद्धा नसते. पायाच्या बाबतीत काटकसर करू नका.

लूमवर_३०_वर्षं
दादा, ताईंनी अडीच हजार लिहिलंय, तुम्ही २८ हजाराचं सांगूलालाय.

ताई, माझं ऐका. माझी मणक्याची गादी सरकली आणि उजवं पाऊल गेलं. मेडिकलमधून तयार पांढरा एएफओ आणला, ९५० रुपये. पाय बघितला नाही, माप घेतलं नाही, मीडियम म्हणून हातात दिला. मला शुगर. मे महिना, पारा ४३ वर, आत मोजा घातला नाही, कारण घामानं पाय शिजायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी पोरीनं बघितलं तर घोट्याच्या बाहेरच्या हाडावरची कातडी निघालेली. मला पत्ताच नाही, पायाला तेवढं कळतच नव्हतं. ३ महिने ड्रेसिंग. लूमवर उभं राहायचं काम, पगार गेला तो वेगळाच. तयार घेऊ नका, माप देऊनच करा. आणि आधी शुगर तपासा.

सात_रस्ता
मीही हेच म्हणतो, माप देऊन. मामींचा तसा केला. पायाला प्लास्टर गुंडाळून साचा काढतात, त्यावर पॉलिप्रॉपिलिनचा पत्रा तापवून बसवतात, मग कडा घासतात. ५५०० झाले, पण कुठे टोचत नाही. बूट एक नंबर मोठा घ्या आणि त्यातली गादी काढा, नाहीतर पट्ट्यासकट पाय आत जात नाही. दुसऱ्या पायाच्या बुटातली गादी तशीच ठेवा म्हणजे दोन्ही पाय एका उंचीला येतात. नवी पेठेत शाळेचे काळे व्हेल्क्रोचे बूट मिळतात, ते बरोबर बसतात.

युनिफॉर्मवाली
सगळ्यांचे आभार. काका, तुमची जखम वाचून आईला दाखवलं. शुगर सिव्हिललाच तपासली, नाही. बुटाचं विचारलं तर म्हणाली, "साडीखाली पोरांचे बूट घालून मी कारखान्यात विड्या द्यायला जाऊ?" आणि बोलणंच बंद केलं. दिवसातले १४ तास ती घरात असते. घरात तर बूट चालणारच नाही, देवघर आहे, चूल आहे.

बाळीवेस
पट्ट्यानं पाय आणखी आळशी होतो. आमच्याकडे नस बसवणारा आहे, गुडघ्याच्या बाजूला अंगठ्यानं दाबून नस जागेवर आणतो. माझ्या मेहुण्याचा पाय ३ आठवड्यांत उचलायला लागला. मोहरीचं तेल कोमट करून रोज चोळा.

फिजिओ_शिकाऊ
बाळीवेसकर, तिथेच तर दाबायचं नाही! गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाची एक गाठ हाताला लागते. पाऊल वर उचलणारी नस त्या हाडाला वळसा घालून जाते आणि तिथे तिच्यावर कातडीशिवाय फारसं काही नसतं. ती आधीच दबलेली असेल तर अंगठ्यानं आणखी चेंगरते. मेहुण्यांची नस नुसती दबलेली असेल तर ती आपोआपही सुधारली असती, दबाव काढला की पुष्कळांची सुधारते.

ताई, मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे, डॉक्टर नाही. पण आई विड्या वळते हे वाचून एक विचारायचंय, बसते कशी? मांडी घालून की उकिडवी? डावा पाय दुमडून त्यावर सूप टेकवते का? तासन्‌तास तसं बसलं की हीच नस दबते. एनसीव्हीत कळेल नस गुडघ्याशी अडली आहे की मणक्यात. ते कळल्याशिवाय महागाचा पट्टा घेऊ नका. गुडघ्याशी नुसती दबली असेल तर काही आठवड्यांत-महिन्यांत परत येऊ शकते. आतले तंतूच तुटले असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात, मग धीर धरावा लागतो.

आणखी एक. पायावर किंवा पावलावर सुन्न चट्टा आहे का ते नीट बघा. फिकट डाग, तिथे गार-गरम कळत नाही, असं काही. कुष्ठरोगातही हीच नस जाते.

सात_रस्ता
हे काय भलतंच. कुणाच्या आईबद्दल असं लिहितात का? ताई काळजीत आहेत, त्यात हे.

फिजिओ_शिकाऊ
दादा, आजाराचं नाव घेतल्यानं आजार होत नाही. लवकर सापडला तर ६ किंवा १२ महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, सरकारी दवाखान्यात फुकट. लाजेपायी उशीर झाला की पाऊल कायमचं जातं. म्हणून बघा म्हटलं.

लूमवर_३०_वर्षं
पोरगी बरोबर बोलूलाली. बघायला काय जातंय.

कुंभारी
मी घरकुलात राहते, मीही विड्या वळते, २२ वर्षं. मावशीला हेच झालं होतं. तिचा पाय कायम दुमडलेला, सूप मांडीवर, सकाळी बसली की पान संपेपर्यंत उठायची नाही. डॉक्टरांनी बसणं बदलायला लावलं. पाटावर बसायची, पाय समोर लांब, सूप स्टुलावर. सुरुवातीला हात चालेना, रोजच्या हजार विड्या सातशेवर आल्या, घरात भांडणं झाली. पण ४ महिन्यांनी पाऊल हललं. पट्टा तिनं प्लॅस्टिकचा घेतला होता, तो दोनदा घालून माळ्यावर टाकला. तुमची आई पण टाकेल, सांगून ठेवते. जमिनीवर बसायला-उठायला तो कडक पट्टा अडतो, संडासात बसताना तर पायच वाकत नाही.

तलावाकाठी
म्हणूनच कार्बन म्हणालो, तो लवचिक असतो.

फिजिओ_शिकाऊ
तोही उकिडवं बसण्याइतका वाकत नाही. आणि बुटाशिवाय निरुपयोगी आहे. फरशीवर तसाच घालून चाललं तर घसरून पडायला होतं, हे प्लॅस्टिकच्या एएफओलाही लागू.

जुळे_सोलापूर
पैसे घालवता कशाला? यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा, सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या एडिप योजनेत कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा), एएफओ फुकट मिळतात, कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची शिबिरं लागतात. नाहीतर जयपूरला जा, जयपूर फूटवाली भगवान महावीर समिती कॅलिपरही फुकट देते. माझ्या चुलतभावाला पोलिओ, त्याला दोनदा मिळालाय.

लूमवर_३०_वर्षं
त्याला ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं. बरं होण्यासारखं असेल तर मला नाही वाटत लगेच देतील. माझे दोन हेलपाटे झाले, उपचार पूर्ण होऊ द्या मग या म्हणाले. ताईच्या आईला पट्टा आज पाहिजे, परत पडली तर?

जुळे_सोलापूर
अर्ज तर करून ठेवा. तुमचं झालं नाही म्हणजे कुणाचंच होत नाही असं नाही.

सात_रस्ता
माझं मत कायम, माप देऊन. ५५०० एकदाच जातात.

युनिफॉर्मवाली
१७ दिवसांनी लिहितेय, माफ करा. एनसीव्ही झाली. नस डाव्या गुडघ्याशी अडली आहे, मणका ठीक. पूर्ण तुटलेली नाही, काही सिग्नल जातोय. चट्टा मी स्वतः दिवसा उजेडात बघितला, डॉक्टरांनाही मुद्दाम विचारलं, त्यांनी नस चाचपून बघितली आणि नाही म्हणाले. विचारायला लाज वाटली होती, पण बरं झालं विचारलं.

आई कशी बसते ते त्या रात्री पहिल्यांदा नीट पाहिलं. इतकी वर्षं रोज समोर बसते आणि मी बघितलंच नव्हतं. डावा पाय आडवा दुमडलेला, त्यावर उजवा, वर सूप. बरोबर त्या हाडाच्या गाठीवर सगळा भार, आणि तिथे कातडी काळी पडून घट्टा धरलाय. कुंभारीच्या ताईंनी सांगितलं तसं सूप स्टुलावर ठेवलंय. चिडचिड करते, पण बसते.

पट्ट्याचं सांगते. तुम्ही कुणीच सांगितला नाही तोच घेतला, इलॅस्टिकचा बेल्ट. घोट्याच्या वर एक पट्टा, तिथून पुढे इलॅस्टिक, ते पावलाला वर ओढून धरतं. त्याच्यासोबत अनवाणी पायासाठी पावलाभोवती गुंडाळायचा वेगळा पट्टा मिळाला, मी तेवढ्यासाठीच तो घेतला. १३५० रुपये. घरात अनवाणी चालते, उंबऱ्याला अंगठा अडकलेला नाही, १० दिवस झाले. बाहेर जाताना तोच बेल्ट, आणि त्यावर टाचेमागे पट्टी असलेली सँडल.

तलावाकाठी
ताई, राग मानू नका, पण हा बेल्ट म्हणजे खेळणं आहे. वडिलांना दिला असता तर एका दिवसात तुटला असता.

फिजिओ_शिकाऊ
तुमच्या वडिलांचा पाय कडक होऊन आत वळतो, म्हणून त्यांना मजबूत पट्टा लागतोच. या आईंचं पाऊल सैल आहे आणि बाजूला वळत नाही, नसही पूर्ण तुटलेली नाही. अशा पायाला बेल्ट चालू शकतो. मी आधी सांगायला हवं होतं, माझ्या डोक्यात एएफओच होता.

ताई, तीन गोष्टी सांभाळा. घोटा बाहेरच्या बाजूला लचकायला लागला तर बेल्ट पुरत नाही, मग कडक एएफओ. पट्टा काढल्यावर लाल खूण अर्ध्या तासात गेली नाही तर तिथे दाब जास्त पडतोय, सैल करा किंवा जागा बदला. आणि पोटरी रोज ताणा. आईला पाय लांब करून बसवा, टॉवेल चवड्याला अडकवून दोन्ही हातांनी अंगाकडे ओढायला सांगा, ३० पर्यंत मोजून सोडायचं. पाऊल सतत खाली लोंबलं की पोटरी आखडते, मग नस परत आली तरी पाऊल वर येत नाही.

लूमवर_३०_वर्षं
आत सुती काहीतरी घाला ताई. इलॅस्टिक पण कापतं.

युनिफॉर्मवाली
हो काका, ते झालं. दुसऱ्याच दिवशी घोट्यावर वळ उठला होता, मला तुमची जखम आठवली. जुन्या टॉवेलची चार बोटं रुंद पट्टी कापली, दुहेरी करून बेल्टच्या आतून शिवली. टाके बाहेरच्या बाजूला घेतले, कातडीला लागू नयेत म्हणून. व्हेल्क्रो आखूड पडत होता, आईच्या पायाला पूर्ण वेढा येईना, तोही कारखान्यातल्या तुकड्यातून वाढवला. दोन पट्ट्या केल्यात, एक धुवायला आणि एक पायात. आता वळ अंघोळीपर्यंत जातो.

फिजिओ ताई, टॉवेल ओढायचं रात्री जेवणानंतर करते, मी समोर बसून मोजते. काल ३० झाल्यावर टॉवेल सोडला तेव्हा अंगठा किंचित वर आला असं मला वाटलं. आई म्हणाली टॉवेलनं हलला. आज परत बघणार आहे, टॉवेल न लावता.