खाऱ्या हवेतलं छोटं वर्कशॉप: मापाची साधनं कोणती घ्यावीत?

देवगड_लेथ
नमस्कार मंडळी. देवगड बंदरापासून चालत पाच मिनिटांवर आमचं वर्कशॉप आहे. सहा फुटी लेथ, पिलर ड्रिल आणि वेल्डिंग. वडिलांनी उभं केलं, चार वर्षं झाली मी बघतो. ट्रॉलरच्या पंख्याचे शाफ्ट, गनमेटलचे बुश, विंचची दुरुस्ती ही नेहमीची कामं. उन्हाळ्यात आंब्याच्या पल्पर मशिनांचे शाफ्ट येतात.

गेल्या महिन्यात असाच एक शाफ्ट वेल्डिंगने भरून टर्न केला. ६२०८ बेअरिंग, म्हणजे शाफ्टवर ते बसतं ती जागा (सीट) ४० मिमीची. डिजिटल कॅलिपरवर ४०.०१ दिसलं, म्हणून शाफ्ट उतरवला. सकाळी बेअरिंग चढवायला घेतलं तर हातानेच सरकत आत गेलं. तसाच दिला नाही, पुन्हा भरून केला. पण ऐन हंगामात त्यांचं मशीन दोन दिवस जास्त बंद राहिलं, ते मनाला लागून राहिलंय.

बाजूला पंचवीस हजार काढलेत. यापेक्षा भारी डिजिटल कॅलिपर घेऊ की दुसरं काही? बुशचं आतलं माप मी अजून कॅलिपरच्या वरच्या चोचींनीच घेतो. आणि गंजाचं काय करायचं? वडिलांचा २५–५० मिमीचा मायक्रोमीटर दोन पावसाळ्यांत गच्च बसलाय.

टूलरूम_रत्नागिरी
भाऊ, कॅलिपर बदलून हे सुटणार नाही. ६२०८ च्या सीटला नेहमीच्या कामात के-६ फिट (बेअरिंग किंचित घट्ट बसावं असं ठरलेलं प्रमाण) धरतात. म्हणजे शाफ्ट ४०.००२ ते ४०.०१८ यांच्या मध्ये यायला हवा. सगळी मोकळीक १६ मायक्रॉनची, म्हणजे ०.०१६ मिमीची. चांगल्या कंपनीच्या १५० मिमी डिजिटल कॅलिपरचीसुद्धा चूक साधारण ±०.०२ मिमी धरतात. पडद्यावर ०.०१ पर्यंत आकडे दिसतात म्हणून तेवढं अचूक माप मिळतं असं नाही. तुमच्या ४०.०१ चा खरा आकडा ३९.९९ ही असू शकतो.

दुसरी गोष्ट, तुम्ही माप कधी घेतलंत? भरलेला शाफ्ट टर्न करून लगेच मोजला असेल तर तो गरम होता. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ४० मिमीचा शाफ्ट खोलीपेक्षा २० अंश गरम असला तर ९ मायक्रॉन जाड दिसतो. निम्म्याहून जास्त मोकळीक तिथेच गेली. मापांचं प्रमाण तापमान २० अंश आहे. आपल्याकडे एसीशिवाय ते मिळणार नाही, पण शाफ्ट आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे, म्हणून दोघांना एकाच टेबलावर तासभर शेजारी ठेवलं की बरंचसं जुळून येतं. गनमेटलचा बुश पोलादापेक्षा जास्त फुगतो, तो गरम असताना शेवटचा कट कधीच घेऊ नका. मी एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. मशिनवरून उतरलेल्या जॉबवर हात ठेवून पाहिल्याशिवाय माप लिहू द्यायचो नाही.

पैसे मायक्रोमीटरवर घाला. ०–२५, २५–५० आणि ५०–७५, साधे, रॅचेटवाले (ठरावीक दाब आला की टकटक वाजून सुटणारी मूठ), ०.०१ मिमी लघुतम मापाचे. मित्सुटोयो किंवा बेकर बघा. डिजिटलचा हट्ट नको. मोठ्या दोन्हींबरोबर शून्य जुळवायचा ठरलेल्या लांबीचा सेटिंग रॉड येतो, तो जिवापाड जपा. रोज सकाळी शून्य तपासायचं. ०–२५ चे जॉब पकडणारे दोन्ही दांडे स्वच्छ कागदाच्या तुकड्यावर अलगद मिटवायचे आणि कागद ओढून काढायचा. त्यावर काळपट रेघ उमटली तर पुन्हा नवा कागद. मग रॅचेट तीनदा टकटक वाजवून रेषा बघायची. कॅलिपर फेकू नका, कच्च्या कामाला तो लागणारच.

आतल्या मापाला ३५–६० चा बोअर डायल गेज. तो स्वतः माप सांगत नाही, मायक्रोमीटरवर सेट करून फरक दाखवतो. बुशमध्ये घालून मूठ पुढेमागे हळू डोलवायची. काटा एका बाजूला जातो, थबकतो, उलटा फिरतो. जिथून उलटतो तेच माप. पहिले आठ दिवस प्रत्येक बुशचं माप तीनदा घ्या, तिन्ही जुळेपर्यंत.

उरलेल्या पैशात पपी डायल (बारीक टोकाचा, जॉब किती डगमगतो ते दाखवणारा काटा) आणि मॅग्नेटिक स्टँड. चार जबड्यांच्या चकमध्ये शाफ्ट मध्यावर आणायला त्याच्याइतकं कामाचं काही नाही.

काजूवाला_वेंगुर्ला
माका बोअर गेजची गरज पडूक नाय. टेलिस्कोपिक गेज (आत फाकवून अडकवायचा, मग बाहेर काढून मोजायचा दांडा) आणि मायक्रोमीटर यांवर काजू फॅक्टरीच्या मशिनांचे बुश वर्षानुवर्षं बसवतोय. स्वस्त आहे, आणि बिघडण्यासारखं त्यात काही नाही.

टूलरूम_रत्नागिरी
तुमचा हात बसलाय म्हणून जमतं, दादा. टेलिस्कोपिकवर सगळं बोटांच्या अंदाजावर असतं, नव्या माणसाच्या दोन मापांत ०.०२–०.०३ मिमी सहज हलतात. पंख्याच्या बुशला तेवढं चालेल. बेअरिंगच्या हाउसिंगला नाही.

गंजाचं राहिलं. १ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर येतात आणि आपलं काम वाढतं. नेमकी तेव्हाच हवा सर्वांत ओली. घामेजल्या बोटाचा ठसा रात्रभर राहिला तर सकाळी तांबूस दिसतो, त्यामुळे संध्याकाळी प्रत्येक साधन पुसून पातळ मशिन ऑइलचा हात द्या. खोबरेल नको, ते चिकट होऊन थिंबल (मायक्रोमीटरची फिरवायची नळी) जड करतं. ठेवताना दांडे एकमेकांना टेकलेले नसावेत, थोडी फट हवी, नाहीतर मध्ये ओल धरते. डब्यातला फोम पाणी धरून बसतो, तो काढून व्हीसीआय कागद (गंज रोखणारी वाफ सोडणारा) घाला. मी घरच्या लाकडी कपाटात तळाशी १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब पूर्ण पावसाळा चालू ठेवतो. एलईडीने भागत नाही, ऊब हवी.

खेर्डी_एमआयडीसी
जुन्या बाजारातला मायक्रोमीटर घेऊ नका, दांड्यांची झीज डोळ्यांना दिसत नाही. नवा घेतलात तरी वर्षातून एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासून घ्या, कोल्हापूर-पुण्याकडे सोय आहे. तीन-चार छोट्या वर्कशॉपनी मिळून चांगल्या प्रतीचे दोन-तीन स्लिप गेज (अगदी नेमक्या मापाचे पोलादी ठोकळे) घेतलेत तर मधल्या काळात एकमेकांची साधनं तपासता येतील. २५ आणि ५० मिमीचे आधी घ्या.

देवगड_लेथ
टूलरूमवाले काका, मनापासून आभार. शाफ्ट गरमच होता. वेल्डिंग करून दुपारी टर्न केला आणि पाच मिनिटांत मोजला. शनिवारी घाट चढून कोल्हापूरला जातोय. तीन मायक्रोमीटर, बोअर गेज आणि पपी एवढंच आणणार, बसलं तर. स्लिप गेजसाठी इथल्या दोघांशी बोललो, एक तयार आहे.

वडिलांचा मायक्रोमीटर चार दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवला होता. आज सकाळी थिंबल अर्धा फेरा फिरला. बाबा शेजारी उभे होते, त्यांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ पुसत बसले.