मदत हवी आहे: ब्लॉकचेनवरच्या सर्व्हायवल गेममधली वस्तू नेमकी कुणाची?

नमस्कार मंडळी. सोलापूरहून लिहितेय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. आकडे कळतात, गेम कळत नाहीत. भाचा इंजिनिअरिंगला आहे, आमच्याकडेच राहतो. त्याला एका गेममधली कुऱ्हाड विकत घ्यायचीय, 18,000 रुपयांना. पैसे देणार त्याचे वडील. ते यंत्रमागावर कामाला आहेत. नुसतं "नको" म्हणून त्याला गप्प बसवायचं नाहीये, आधी समजून घ्यायचंय.

काल रात्री त्यानं शेजारी बसवून खेळून दाखवलं. बेटावर एकटा माणूस. भुकेची पट्टी सारखी खाली येते, अंधाराआधी लाकडं तोडून शेकोटी पेटवायची, नाहीतर लांडगे. मेला की पाठीवरची झोळी तिथेच पडते आणि कुणीही उचलतं. कुऱ्हाड मात्र पडत नाही, कारण ती टोकन आहे, म्हणजे ब्लॉकचेन नावाच्या सामायिक डिजिटल वहीतली मालकीची नोंद, आणि ती त्याच्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात, राहते. दर घावाला तिची धार उतरते. धार लावायला गेमचं वेगळं नाणं लागतं, ते खेळून मिळवा नाहीतर बाजारातून घ्या.

भाचा म्हणतो, "मावशी, नाणी विकून दोन महिन्यांत पैसे वसूल." माझं घोडं इथेच अडतं. सगळेच नाणी कमावून विकणार, तर घेणार कोण? अ‍ॅक्सी इन्फिनिटी या गेमच्या एसएलपी नाण्याबद्दल वाचलं: 2021च्या जुलैत तीस सेंटच्या वर, पुढच्या वर्षी एका सेंटच्याही खाली. नवे खेळाडू यायचे थांबले आणि नाण्यांचा नुसता ढीग झाला.

कराचं मला ठाऊक आहे. नफ्यावर 30 टक्के, वर सेस, विक्रीवर 1 टक्का टीडीएस, आणि एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. मला विचारायचंय ते एवढंच: कंपनीनं उद्या गेम बंद केला तर त्याच्या हातात काय उरतं?

प्रतिसाद

ताई, साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, फक्त दोन गोष्टी पक्क्या असतात: टोकनचा नंबर आणि तो कुठल्या वॉलेटच्या पत्त्यावर आहे. सातबाऱ्यावर नाव असावं तसं. कुऱ्हाडीनं झाड किती घावांत पडतं, धार किती उरली, हे बहुतेक गेममध्ये कंपनीच्या सर्व्हरवर असतं. सर्व्हर बंद झाला तर नोंद त्याच्याच नावावर राहील, पण ती कुऱ्हाड चालवायला बेट नसेल. चित्रसुद्धा बऱ्याचदा साखळीबाहेर असतं, टोकनमध्ये त्याचा नुसता दुवा.

दोन गोष्टी आजच बघा. एक, ब्लॉक एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणारी साइट) गेमचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे टोकनांचे नियम लिहिलेला प्रोग्रॅम, उघडा आणि नवी टोकनं काढायचा अधिकार कुणाकडे आहे, कमाल संख्या ठरलेली आहे का, ते तपासा. दोन, वॉलेट परत उघडायचे 12 किंवा 24 गुप्त शब्द त्यानं कुठे ठेवलेत ते विचारा. ते ज्याच्या हाती लागतील, वॉलेट त्याचं. आणि गेमसाठी वेगळं, जवळपास रिकामं वॉलेट ठेवायला सांगा. एखाद्या खोट्या साइटवर "सगळी टोकनं हलवायची परवानगी" मागतात, तिथं एकदा होकार दिला की पुढं विचारतही नाहीत.

धागाकर्ती

खूप आभार. शब्दांचं विचारलं तर तो गप्पच झाला. जर्नलच्या शेवटच्या पानावर पेननं बारा इंग्रजी शब्द, आणि वर मोबाइलमध्ये त्याच पानाचा फोटो, तोही कॉलेजच्या ग्रुपमधल्या फोटोंच्या मधोमध! लगेच नवं वॉलेट काढायला लावलं. शब्द कागदावर लिहून माझ्या कपाटात, सोन्याच्या पावत्यांच्या पाकिटात ठेवलेत.

मग दोघांनी मिळून कॉन्ट्रॅक्ट बघितलं. जाहिरातीत "फक्त 5,000 कुऱ्हाडी" असं आहे. कॉन्ट्रॅक्टमध्ये कमाल संख्या कुठंच लिहिलेली नाही आणि नवी टोकनं काढायचा अधिकार एकाच पत्त्याकडे आहे. भाच्यानं ती ओळ दोनदा वाचली, म्हणाला, "मग उद्या हे पन्नास हजार काढतील की." मला जे सांगता येत नव्हतं ते त्याचं त्यालाच दिसलं. खरेदी तूर्त थांबवली आहे, खेळ चालू आहे. फुकटच्या दगडी कुऱ्हाडीनं.

आता एकच अडचण. कंपनीवाले म्हणतात, तो अधिकार आम्ही लवकरच कायमचा सोडून देऊ. तसं केलं तर ते एक्सप्लोररवर नेमकं कुठं दिसतं? आणि मागच्या दारानं तो परत घेता येतो का?